घड्याळाला ऊन कळत नाही

चारठाण्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेचार-पाचला पोरं पळताना दिसतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला सैन्यात जायचंय. गावातली जुनी देवळं, बारव आणि तो उंच दगडी स्तंभ पाहायला बाहेरची माणसं येतात ती ऊन चढल्यावर. तोवर ही पोरं आंघोळ उरकून शेतात नाहीतर अभ्यासिकेत गेलेली असतात. पहाटेच का पळता, असं त्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : पहाटेची हवा चांगली. गुरुजी हेच सांगतात, अकॅडमीवाले हेच सांगतात आणि आजोबा ब्राह्ममुहूर्ताचा हवाला देऊन हेच सांगतात.

हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं एरवी निरुपद्रवी असतं, पण अधूनमधून जिवावर बेततं, म्हणून ते तपासायला हवं. माझं म्हणणं थोडक्यात असं : पळणाऱ्याच्या देहाला भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले हे कळत नाही. त्याला तीन गोष्टी कळतात. पळण्यातून अंगात किती उष्णता तयार होतेय, भोवतालची हवा ती उचलून नेतेय का, आणि अशा हवेची आपल्याला सवय आहे का. दिवसाची वेळ ही या तिन्हींची ढोबळ खूण आहे. खुणेलाच कारण समजलं की सल्ले चुकतात, आणि सरकारी आदेशही चुकतात.

१. आग आधी अंगात लागते

उन्हाचा विचार करताना आपण आभाळाकडे बघतो. बघायला हवं मांड्यांकडे. स्नायू खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा हालचालीत उतरवतात, बाकीची तीन चतुर्थांश उष्णता होऊन बसते. सपाट रस्त्यावर पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलोचा मुलगा दहा किलोमीटर पळाला तर सहाशे किलोकॅलरी, आणि त्यातली साडेचारशे निव्वळ उष्णता. त्याचं अंग एका अंशाने तापवायला सुमारे पन्नास लागतात. एवढी उष्णता बाहेर पडलीच नाही, तर अंगाचं तापमान नऊ अंशांनी चढेल. चाळीसच्या पुढे मेंदूचा तोल जाऊ लागतो, हे लक्षात घेतलं की नऊचा अर्थ कळतो.

आता हाच हिशोब पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरला लावा. तिथे उष्णता निघते सत्तर-ऐंशी किलोकॅलरी. सगळी अंगात कोंडली तरी दीड अंश. सदतीसचे साडेअडतीस होतील, दम तुटेल, पण ताज्या, निरोगी अंगाला तेवढ्याने उष्माघात व्हायला नको. म्हणून ‘उन्हात पळणं वाईट’ हे विधान अंतर सांगितल्याशिवाय पुरं होत नाही. सोळाशे पळणाऱ्याचा प्रश्न वेगळा, पाच किलोमीटरवाल्याचा वेगळा आणि मॅरेथॉनवाल्याचा त्याहून वेगळा.

२. घाम गाळणं आणि घाम वाळणं

अंगातली उष्णता बाहेर काढायचा देहाचा मुख्य मार्ग घामाचा. मराठीत घाम ‘गाळण्या’चं कौतुक फार, पण गळणारा घाम काही कामाचा नाही. कातडीवर वाळतो तो घाम उष्णता घेऊन जातो : एक लिटर वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी. हनुवटीवरून टपकून डांबरावर पडला तर आपल्या वाट्याला नुसती तहान येते.

घाम वाळणार की गळणार हे ठरतं हवेत आधीच किती वाफ आहे त्यावर. ओल्या, ३५ अंशांच्या कातडीजवळ वाफेचा दाब साधारण ५६ मिलिबार असतो. समजा परभणीत मे महिन्यातली दुपार आहे, ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता. त्या हवेतल्या वाफेचा दाब भरतो १३ मिलिबार. समजा मुंबईत जूनची दुपार आहे, ३२ अंश आणि ७५ टक्के. तिथे दाब ३६. पहिल्या ठिकाणी फरक त्रेचाळीसचा, दुसऱ्या ठिकाणी विसाचा. म्हणजे अकरा अंशांनी ‘थंड’ असलेल्या मुंबईत घाम वाळण्याचा वेग निम्म्यावर येतो.

म्हणून परभणीचं ऊन सोपं, असं मात्र नाही. ४३ अंशांची हवा कातडीहून गरम असते, त्यामुळे वारासुद्धा अंगात उष्णता घालतो, तीच झळ. वर सूर्य, खाली तापलेलं डांबर आणि काळी जमीन. शिवाय घाम इतक्या लवकर वाळतो की तो आलाच नाही असं वाटतं. माणूस लिटर-दीड लिटर पाणी गमावून बसतो आणि बनियन कोरडीच असते. साठ किलोच्या माणसाचं सव्वा लिटर पाणी गेलं की वजन दोन टक्क्यांनी घटतं, आणि तिथून पुढे पळण्याची ताकद घसरू लागते.

दोन्ही हवा मारक आहेत, पण मारण्याची रीत वेगळी. नुसता पारा पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला पुरस्कार सोहळ्यात उन्हात बसलेल्या १४ माणसांचा जीव गेला, तेव्हा पारा होता ३८ च्या आसपास. मराठवाड्यात या आकड्याकडे कुणी मान वळवूनही पाहत नाही. आणि ही माणसं तर पळतही नव्हती.

३. पहाट सगळीकडे सारखी नसते

आता पहाटेकडे येऊ. ‘सकाळी दमटपणा जास्त’ असं हवामानाच्या बातमीत असतं, ते ऐकून काही जण पहाट टाळतात. ती गफलत आहे. आर्द्रतेची टक्केवारी हवेच्या तापमानावर अवलंबून असते. परभणीत मे महिन्यातल्या पहाटे २७ अंश आणि ४५ टक्के धरले तर वाफेचा दाब होतो १६, दुपारच्या तेराहून किंचित जास्त. टक्केवारी तिपटीने वाढली, वाफ जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे इथली पहाट सोळा अंशांचा थंडावा देते, सूर्य डोक्यावर नसतो, आणि घामही वाळतो. मराठवाड्यात पहाटे पळण्याचा सल्ला टिकून राहिला तो याच भक्कम कारणामुळे.

हाच सल्ला घेऊन जूनमध्ये मुंबईला जा. पहाटे २८ अंश आणि ८८ टक्के, म्हणजे वाफेचा दाब ३३. दुपारी होता ३६. पहाटेने सूर्य टळला, हवेची ओल टळली नाही. कोकणातली पहाट ही मुख्यतः सावली आहे, पठारावरची पहाट खरा थंडावा आहे. शब्द एकच, वस्तू दोन.

याचा जगासमोरचा पुरावा दोहात मिळाला. २०१९ च्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हापासून वाचवण्यासाठी २७ सप्टेंबरच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सोडली. सूर्याचा पत्ता नाही, तरी तापमान ३२ अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांहून जास्त. ६८ जणी धावल्या, २८ जणींनी वाटेतच शर्यत सोडली. जगातल्या उत्तम धावपटू मध्यरात्री स्ट्रेचरवर गेल्या. पुढच्याच महिन्यात, १२ ऑक्टोबरला व्हिएन्नात, एलिउड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत तेवढंच अंतर धावला, तेही सकाळी सव्वाआठला, उजेडात. हवा होती दहा अंशांच्या आसपास. (ती अधिकृत शर्यत नव्हती, त्यामुळे विक्रम धरत नाहीत. हवेचा मुद्दा त्याने बदलत नाही.)

‘पहाटेची शुद्ध हवा’ हेही तपासून घ्यावं असं वाक्य आहे. हिवाळ्यात रात्रभर जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. शेकोट्यांचा, चुलींचा धूर आणि रस्त्याची धूळ त्या झाकणाखाली अडकते. परभणीच्या थंडीच्या लाटा मोठ्या असतात. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशा पहाटे कोरडी, गार, धुरकट हवा तोंडाने ओढत पळणाऱ्या दमेकऱ्याची छाती भरून येते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवून तासभर झाल्यावर, म्हणजे आठच्या सुमाराला, पळणं त्याच्यासाठी शहाणपणाचं. आळशी म्हणून कुणी त्याची टिंगल करू नये.

४. अंगातलं घड्याळ

भिंतीवरच्या घड्याळाखेरीज एक घड्याळ अंगात असतं. त्याच्यानुसार देहाचं तापमान पहाटे चार-पाचला सर्वांत खाली असतं आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत वर. फरक अर्ध्या ते एक अंशाचा. गार स्नायू आळसटतात, उबदार स्नायू झपकन आकुंचन पावतात. म्हणून झटक्याची कामं, म्हणजे शंभर मीटर किंवा गोळाफेक, बहुतेकांना दुपार कलल्यावर जास्त चांगली जमतात. विश्वविक्रम संध्याकाळी होतात असा दाखला यावर देतात, पण तो फारसा ग्राह्य नाही, कारण अंतिम फेऱ्याच संध्याकाळी ठेवलेल्या असतात.

लांब अंतराला हेच गणित उलटं फिरतं. उन्हाळ्यात अंग अर्धा अंश गार असताना पळायला सुरुवात केली, तर चाळीसपर्यंत पोचायला तेवढी जास्त जागा मिळते. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, तर महिलांना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक असते. एकाच सकाळी एकाच अंगाकडून दोन विरुद्ध गोष्टी मागितल्या जातात : एकीला ऊब हवी, दुसरीला गारवा. गार पहाटे शंभर मीटरला वीस मिनिटं नीट वॉर्मअप न करता उभा राहणारा मुलगा गुण तर गमावतोच, वर मांडीच्या मागची शीरही धरून बसतो.

हे अंतर्गत घड्याळ प्रत्येकाचं सारखं चालत नाही. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की लवकर उठणाऱ्यांची आणि उशिरा उठणाऱ्यांची सर्वोत्तम वेळ वेगळी असते, आणि ती उठल्यापासून किती तास झाले त्यावर जास्त अवलंबून असते. आता आपल्याकडचा मुलगा घ्या. कृषिपंपाला या आठवड्यात वीज रात्रीची आहे. दोन वाजेपर्यंत तो शेतात दारं धरतो, साडेचारला गजर लावून पळायला जातो आणि ‘टायमिंग येत नाही’ म्हणून स्वतःला दोष देतो. त्याची पहाट ही पहाट नाहीच, ती न संपलेली रात्र आहे. झोप तुटलेल्या अंगाला उष्णताही कमी सोसते. ब्राह्ममुहूर्ताची महती सांगणाऱ्याने आदल्या रात्री किती वाजता झोपलास, एवढं तरी विचारावं.

आणि मुली? अंधारात रस्त्यावर एकटीने पळायची मुभा किती घरांत आहे? त्यांना मिळते ती उजाडल्यानंतरची आणि घरकामाआधीची चिंचोळी फट. मे महिन्यात ती पावणेसहापासून सातपर्यंत चालते, जानेवारीत सातला सुरू होते. त्यांची वेळ त्या ठरवत नाहीत. हा प्रश्न देहाचा नसून गावाचा आहे, पण परिणाम देहावर होतो.

५. सवय ही दहा-चौदा दिवसांची कमाई

या सगळ्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट सवयीची. रोज थोडा वेळ उन्हात श्रम केले की एक ते दोन आठवड्यांत देह बदलतो. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि भरपूर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयाचे ठोके खाली येतात. आणि काही आठवडे उन्हात गेलंच नाही, तर ही कमाई खर्चून जाते. ती बँकेतल्या मुदत ठेवीसारखी नाही, रोजंदारीसारखी आहे.

वर्षभर फक्त पहाटे पाचला पळालेला मुलगा म्हणूनच एका अर्थाने नाजूक असतो. त्याचे पाय तयार, छाती तयार, पण ऊन पेलायची त्याच्या देहाची तालीम झालेलीच नाही. आणि भरतीच्या मैदानी चाचणीत, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘ग्राउंड’ला, त्याचा नंबर मात्र सकाळी दहाला लागतो. माझा सल्ला असा : ग्राउंडच्या आधीचे दोन आठवडे, आठवड्यातून चार-पाच दिवस, ज्या वेळी नंबर लागण्याची शक्यता आहे त्या वेळी हलकं पळावं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत नेत पाऊण तास. एकट्याने नाही, आणि मे महिन्यात दुपारी तर नाहीच. डोकं ठणकलं, उन्हात असून अंगावर शहारे आले, तर तिथेच थांबावं.

इथे कुणीतरी अविनाश साबळेचं नाव घेतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा पोरगा, महार रेजिमेंटमधून सियाचीनची थंडी आणि राजस्थानचं ऊन दोन्ही सोसलेला. ‘बघा, हवामान सोसलं की माणूस घडतो.’ सोसल्याने मन घडतं हे मी नाकारत नाही. पण अर्ध्या मॅरेथॉनमध्ये २०२० साली त्याने केलेला १ तास ३० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम दिल्लीत नोव्हेंबर अखेरच्या गार हवेतला आहे, आणि स्टीपलचेसमधली ८ मिनिटं ९.९१ सेकंदांची वेळ २०२४ मधली, पॅरिसची. घडणं एका हवेत आणि फळ येणं दुसऱ्या हवेत, असं ते आहे.

६. ग्राउंडचा दिवस

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना वा धावल्यानंतर काही दिवसांच्या अंतराने किमान चार उमेदवार गेले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं, आणि आज ते सोळाशेवर आहे. वरचा हिशोब लावला तर हा निर्णय योग्य दिशेचा होता : पाच किलोमीटरला कोंडलेली उष्णता साडेचार अंशांपर्यंत नेऊ शकते, सोळाशेला दीड. पण अंतर कमी केल्याने काम संपलं असं मानणं चूक. कारण उमेदवाराच्या अंगावरचा भार शिट्टी वाजल्यावर सुरू होत नाही. तो आदल्या संध्याकाळी जिंतूरच्या बसस्थानकावर सुरू होतो. रात्रभर एसटी, मग मैदानाबाहेर फुटपाथवर डुलकी, पोटात बिस्किटं, स्वच्छतागृह नाही म्हणून मुलींनी मुद्दाम टाळलेलं पाणी, मग कागदपत्रं, उंची-छाती आणि नंबर येईपर्यंत उन्हात बसणं. सोळाशेची शिट्टी वाजते तेव्हा अंग आधीच तापलेलं आणि सुकलेलं असतं. दीड अंशाची उसंत तिथेच संपते.

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर एका तासात धावायचे होते. दहाहून अधिक तरुण गेले. त्यांनी उत्तेजकं घेतली होती का, यावर बरीच चर्चा झाली. सरकारने जो आदेश काढला त्याचा गाभा असा, की सकाळी नऊनंतर चाचणी घ्यायची नाही. मला हा आदेश घड्याळी विचाराचा उत्तम नमुना वाटतो. भादव्यातल्या दमट हवेत दहा किलोमीटर सकाळी सातलाही जड जातात. तिथे नऊचा काटा काय करणार?

आक्षेप

पहिला आक्षेप गावातला : आमचे आजे-पणजे भर उन्हात नांगर धरत होते, त्यांना काही झालं नाही. झालं असेल तर कुणी मोजलं नाही, हे एक. दुसरं म्हणजे नांगर धरणारा स्वतःच्या गतीने चालतो, अकराला बैल सोडतो आणि लिंबाच्या सावलीत कांदा-भाकर खाऊन पडतो. त्याच्या हातात लगाम आहे. भरतीतल्या पोराच्या गळ्याशी स्टॉपवॉच आहे. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आला तरच पुरे वीस गुण, पुढे टप्प्याटप्प्याने घसरण. देह थांब म्हणतो तेव्हा न थांबण्याचेच गुण मिळतात. (ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, त्याबद्दल एवढंच, की पन्ह्यात पाणी, मीठ आणि गूळ असतो, खिशातल्या कांद्यातलं काहीच पोटात जात नाही.)

दुसरा आक्षेप प्रशासनाचा : सगळ्यांना एकच मैदान, एकच नियम, यात अन्याय कुठे? सहाची तुकडी आणि अकराची तुकडी एका मैदानावर पळते, पण एका हवेत पळत नाही. गुणांचा तक्ता मात्र एकच. गंमत अशी, की अकराच्या तुकडीला शंभर मीटरला कदाचित थोडा फायदाच होत असेल. पण सोळाशेला तासन्‌तास बसवून ठेवल्याचा तोटा त्याहून मोठा. निदान बसायला मांडव आणि प्यायला पाणी दिलं, तर हा अन्याय बराच कमी होतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा : हे सगळं मोजायचं कशाने? मोजायची रीत जुनी आहे, आणि तिचा जन्म योगायोगाने भरतीच्याच मैदानावर झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड केंद्रावर नवे जवान उष्णतेने कोसळू लागले, तेव्हा तिथे तीन तापमानं एकत्र करणारा निर्देशांक बसवला. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला दहात सात हिस्से वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला दोन आणि साध्या पाऱ्याला एक. आपण टीव्हीवर जो आकडा पाहून धास्तावतो, त्याची किंमत त्यात दहावा हिस्सा आहे. ओल्या मलमलीच्या तापमापकाला फार पैसे लागत नाहीत. तोही नसेल तर निदान सूर्याचा अंदाज सावलीवरून येतो. चारठाण्यात मे महिन्याच्या मध्याला सकाळी नऊ-सव्वानऊला माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी होते. जानेवारीत ती तेवढी आखूड व्हायला सव्वाअकरा वाजतात. घड्याळाला महिना कळत नाही, सावलीला कळतो.

कोसळल्यावर

एवढं करूनही कुणीतरी कोसळेल. पळता पळता बरळायला लागलेला, झोकांड्या खाणारा पोरगा ‘दमला’ असं समजून बाजूला बसवू नये. मेंदू तापल्याची ती खूण आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फॉलमथला ऑगस्टच्या उकाड्यात सात मैलांची शर्यत होते. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदींत श्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण आहेत आणि मृत्यू एकही नाही. तिथे कोसळलेल्याला आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवतात, दवाखान्याचं नंतर पाहतात. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरवला तर माणूस वाचतो. आपल्याकडे उलटं होतं : रुग्णवाहिका शोधण्यात, गर्दी हटवण्यात आणि तोंडावर पाण्याचे हबके मारण्यात तो अर्धा तास जातो.

बर्फाचा टब चारठाण्यात नाही. पण विहिरीलगत गुरांना पाणी पाजायचा हौद आहे, निळे ड्रम आहेत, भिजवायला बारदानं आहेत. गळ्यापर्यंत हौदात बसवायचं, डोकं वर धरायचं, ओलं बारदान फिरवत राहायचं, आणि गाडी येईपर्यंत बाहेर काढायचं नाही. पळायच्या रस्त्यापासून तो हौद किती पावलांवर आहे, हे पोरांना टायमिंगइतकंच पाठ असावं.